आठ वाजून सात मिनिटं

बाबा गेल्यानंतर दहा दिवस कामावर वेळेवर जात होते. जिवंतपणी एकतीस वर्षांत हे त्यांना कधी जमलं नव्हतं.

ते गेले एका शुक्रवारी संध्याकाळी. कामावरून आले, दाराशी स्टुलावर बसून एक बूट काढला, दुसऱ्याच्या नाडीला हात घातला आणि तसेच पुढे झुकले. आईला वाटलं, नाडीची गाठ सुटत नाहीये. ती आतून म्हणाली, "कात्री देऊ का?" त्यानंतरचं मला आठवतं ते दुसऱ्या कुणी सांगितल्यासारखं. डॉक्टर आले, शेजारी आले, शनिवारी सगळं उरकलं. मी रडले नाही. रडायचं टाळलं असंही नाही. सर्दीत वास जावा तसं काहीतरी झालं होतं.

रविवारी दुपारी झाकणकाका आणि बाबांच्या खात्यातले आणखी तिघं घरी आले. झाकणकाका आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. कारखान्यात पाण्याचे मीटर बनतात. मीटरवर पितळी झाकण बसवायचं काम त्यांचं, म्हणून ते नाव. बाबा त्यांच्या शेजारच्या टेबलावर तयार मीटर तपासत. मीटरमधून मोजून पाणी सोडायचं, काटा काय म्हणतो ते बघायचं. शंभरात दोनपर्यंत फरक आला तर पास, त्याहून जास्त आला तर परत. हे पाचही जण मागच्या शेडमध्ये असत. तिथे पाण्याचा आवाज आणि ओल असल्यामुळे ऑफिसातलं कुणी सहसा फिरकत नसे.

चहा झाला. बोलायचं ते बोलून झालं. मग झाकणकाका खुर्चीच्या कडेवर आले.

"वहिनी, एक सांगू का? कारखान्यात अजून कुणाला माहीत नाही."

आईनं कप गोळा करायचं थांबवलं.

"बोनस वाटतात ख्रिसमसच्या पार्टीत. म्हणजे येत्या नव्हे, त्यापुढच्या शुक्रवारी. त्या दिवशी नाव हजेरीवर असलं, तरच पाकीट. नाव गेलं की पाकीट गेलं. वर्षभर राबलेत भाऊ. सोळा दिवस बाकी असताना..." त्यांनी बोटं मोजली. "सोळा नव्हे, चौदा."

"मग?" मी विचारलं.

"मग काही नाही. तुम्ही कळवू नका. बाकी आम्ही बघतो. हजेरीचं कार्ड आम्ही पंच करू. भाऊंच्या वाटणीचे मीटर आम्ही चौघं वाटून घेऊ. दिवसाला चाळीस, म्हणजे माणशी दहा. त्यात काय!"

"पकडले गेलात तर?"

"दुसऱ्याचं कार्ड पंच केलं तर त्याच दिवशी घरी," चौघांमधले सगळ्यात वयस्कर गृहस्थ म्हणाले. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. "पण पकडणार कोण? यंत्राला डोळे थोडेच आहेत."

आईनं मान हलवली. ती हो म्हणत होती की नुसती मान हलत होती, मला कळलं नाही. थोड्या वेळानं ती म्हणाली, "खिडकीचं माप देऊन झालंय."

आमच्या घरात प्रत्येक बोनसची एक वस्तू आहे. मी दुसरीत असतानाचा बोनस म्हणजे लोखंडी कपाट. आईच्या मोठ्या आजारानंतरचा बोनस म्हणजे गरम पाण्याचा बंब. माझ्या पुस्तकांची भिंतभर फळी, स्वयंपाकघराचा ओटा, पुढचं दार. पाहुण्यांना घर दाखवताना बाबा खोल्या दाखवत नसत, वर्षं दाखवत. या वर्षी मागच्या खोलीची खिडकी व्हायची होती. तिची काच तीन वर्षांपूर्वी तडकली, तेव्हापासून तिथे पुठ्ठा आहे, कडेनं चिकटपट्टी लावलेला. सुतार नोव्हेंबरात येऊन माप घेऊन गेला होता. बाबांनी त्याला दोनदा माप घ्यायला लावलं होतं.

सोमवारपासून झाकणकाका रोज कामावरून परतताना आमच्या दारात उभे राहायचे. आत यायचे नाहीत.

"भाऊंचे आज चाळीस झाले," ते सांगायचे. "एक परत गेला. गळका होता."

दुसऱ्या दिवशी, "आज बेचाळीस. भाऊ जोरात आहेत."

पहिल्या दिवशी मला हे चमत्कारिक वाटलं. तिसऱ्या दिवशी मी वाचनालयातून अर्धा तास लवकर निघाले, त्यांची वेळ चुकू नये म्हणून. वाचनालयात माझं काम परत आलेली पुस्तकं तपासून जागेवर लावायचं. तिथे सगळ्यांना कळलेलं होतं. सगळे माझ्याशी हळू बोलायचे, माझ्या टेबलावर न मागता चहा यायचा. बँकेत, गल्लीत, दवाखान्यात, सगळीकडे बाबा गेलेले होते. फक्त कारखान्यात ते नव्हते गेले. तिथे ते रोज सकाळी येत होते, चाळीस मीटर तपासत होते, एखादा परत पाठवत होते. पाकीट मिळालं की सोमवारी कळवायचं, असं ठरलं होतं. म्हणजे पाकिटाच्या दिवसापर्यंत ते होते. मी खिडकीचा विचार फारसा करत नव्हते, हे मी इथे लिहून टाकलं पाहिजे.

दुसऱ्या आठवड्यात, बुधवारी, मृत्यूचा दाखला मिळाला. मी तो घडी घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला.

शुक्रवारी दुपारी मी आईच्या सांगण्यावरून पार्टीला गेले. घरच्या माणसानं सही करून पाकीट घेतलेलं चालत असे. कुणाला ताप असला, कुणी गावाला गेलं की बायका-मुलं यायची. कँटीनमधली टेबलं भिंतीला लावली होती. कोपऱ्यात प्लास्टिकचं झाड होतं आणि त्यावर घासून चकचकीत केलेले पितळी नट आणि पाइप जोडायचे कपलिंग दोऱ्यानं टांगलेले होते. शेंड्यावर तारा म्हणून मीटरची तबकडी. केक होता, सँडविच होती, कागदी पेल्यांत सरबत होतं. लहान मुलं झाडाखाली पितळ मोजत होती.

सांताक्लॉज होता कॅशियर. दर वर्षी तोच असतो, बाबा सांगायचे, कारण पाकिटांची पेटी तो दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाही. मग पेटी धरणारा तोच आणि लाल कपडेही त्यालाच. दाढी त्यानं हनुवटीखाली ओढून ठेवली होती, चष्मा वर. नाव पुकारलं की माणूस पुढे यायचा आणि सांताक्लॉज म्हणायचा, "इथे सही. रकान्याच्या आत. आत म्हटलं ना."

झाकणकाकांनी मला पाहिलं आणि केकची बशी घेऊन आले.

"खा. सकाळपासून काही खाल्लं नसशील."

"खाल्लंय, काका."

"मग परत खा." ते माझ्या शेजारी उभे राहिले आणि आवाज खाली आणला. "सगळं बेस्ट झालं बघ. दहाच्या दहा दिवस. आठच्या ठोक्याला कार्ड आत. आम्ही पाळीच लावली होती, आज तू, उद्या मी. एक दिवस चूक नाही. एक मिनिट इकडेतिकडे नाही."

"आठच्या ठोक्याला?"

"सात अठ्ठावन्न, सात एकोणसाठ. कधी कधी पाच-सात मिनिटं आधीसुद्धा. म्हटलं, भाऊंच्या नावाला बट्टा नको."

मी बशीकडे पाहिलं. बाबा रोज आठ वाजून सात मिनिटांनी पोचायचे. सहा नाही, आठ नाही. संध्याकाळी साडेचारला सुटी झाली की सात मिनिटं जास्त थांबून चार सदतीसला निघायचे. यावर त्यांचा एक ठरलेला विनोद होता. "आठ तासांत सात मिनिटं म्हणजे किती? दीड टक्का. दोन टक्क्यांच्या आत आहे. मीटर पास."

तेवढ्यात बाबांचं नाव पुकारलं. मी पुढे गेले. पाकिटं धाकटे मालक देत होते, कॅशियर त्यांच्या हातात एकेक ठेवत होता. धाकट्या मालकांनी नाव वाचलं आणि हसले.

"आमचे सात मिनिटंवाले! एकतीस वर्षं. एकदाही वेळेवर नाही आणि एकदाही गैरहजर नाही."

सगळे हसले, टाळ्याही वाजल्या. शेडमधले चौघं सरबताच्या टेबलापाशी एका रांगेत उभे होते. त्यांच्यातलं कुणी हसलं नाही, कुणी टाळी वाजवली नाही.

"तुम्ही मुलगी ना? ते कुठे आहेत?"

"ते नाही येऊ शकले."

"बरं वाटत नाही का?"

"आता काही त्रास नाही," मी म्हणाले.

"आराम करू द्या. सांगा त्यांना, जानेवारीत भेटू."

मी मान डोलावली. कॅशियरनं वही सरकवली. "इथे. रकान्याच्या आत." मी सही केली, रकान्याच्या आत. पाकीट वाटलं होतं त्यापेक्षा पातळ होतं. मी ते पर्समध्ये ठेवलं, बाहेरच्या कप्प्यात. आतल्या कप्प्यात दाखला होता.

परत जागेवर यायच्या आत एक उंच, किडकिडीत गृहस्थ माझ्यासमोर उभे राहिले. राखाडी स्वेटर, खिशाला दोन पेनं. हे टाइमकीपर. कारखान्यात त्यांना सगळे पाठीमागे घड्याळ म्हणतात. फाटकाजवळच्या केबिनमध्ये बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्यांची कार्डं जमवतात, इतकंच मला बाबांकडून माहीत होतं.

"ताई, जरा केबिनपर्यंत येता? इथे गोंगाट आहे."

मी त्यांच्यामागून गेले. झाकणकाका मधेच आले. "काय साहेब, पोरीला कुठे नेताय? केक तरी खाऊ द्या."

"तुम्ही खा," टाइमकीपर न थांबता म्हणाले. "तुमचं पोट मोठं आहे, बरंच काही मावतं त्यात."

झाकणकाकांचा चेहरा उतरला.

केबिनमध्ये एक टेबल, दोन खुर्च्या, आणि भिंतीवर कार्डांचा लाकडी खण. बाहेर ओसरीत पंच करायचं यंत्र. टाइमकीपरनी खिशातून एक पिवळं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. मागच्या आठवड्याचं. वर बाबांचं नाव. सोमवार सात अठ्ठावन्न. मंगळवार सात एकोणसाठ. बुधवार सात त्रेपन्न.

"सोमवारी हे कार्ड माझ्या हातात आलं," ते म्हणाले. "सात अठ्ठावन्न वाचलं आणि मी उठून शेडमध्ये गेलो. लांबूनच पाहिलं. टेबलावर पाणी चालू होतं, मीटर लावलेला होता. स्टूल रिकामं." त्यांनी कार्ड सरळ केलं. "यंत्र चुकेल. तुमचे वडील आठच्या आत येणार नाहीत."

"तुम्हाला सोमवारीच कळलं."

"माणूस आजारी पडला तर कार्ड कोरं राहतं. दुसऱ्यांनी रोज मारलं तर एकच अर्थ होतो."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

"दाखला मिळाला असेल तुम्हाला."

"हो."

"त्यावर तारीख असेल."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. फंडाच्या पैशांसाठी, पेन्शनसाठी, कशाहीसाठी तो दाखला याच ऑफिसात द्यावा लागणार होता. त्यावर शुक्रवारची तारीख होती, दोन आठवड्यांपूर्वीची. त्या तारखेनंतर माणूस दहा दिवस कामाला आलेला. चौघांनी मीटर वाटून घेतले, पाळ्या लावल्या, एक दिवस चुकवला नाही, आणि दाखल्याचा विचार कुणाच्या डोक्यात आला नाही. त्यांच्याच कशाला, माझ्याही नाही. तो दाखला मी दोन दिवस जवळ घेऊन फिरत होते.

"चारही जण जातील," मी म्हणाले.

"पाकीट तुमच्याकडे राहिलं तर चौकशी होईल. चौकशी झाली तर जातील. एकाची दोन वर्षं राहिलीत." ते कार्डाकडे बघत होते. "नियम मी केलेला नाही. पाकीट तुमच्या वडिलांच्या कष्टाचं आहे, ते ठेवा किंवा परत द्या असं मी सांगणार नाही. फक्त कॅशियर पावणेपाचला वही बंद करतो. 'माणूस हजर नाही, पाकीट परत' असा एक रकाना आहे त्याच्याकडे. आज त्या रकान्यात गेलं, तर हे कार्ड आणि या आठवड्याचं, दोन्ही माझ्याकडे कधी आलीच नाहीत. सोमवारी दाखला घेऊन या. दहा दिवस गैरहजर, कारण कळवलेलं नव्हतं. संपलं."

"मालक विचारतील, आज का नाही सांगितलं."

"काय सांगाल?"

"पार्टी चालू होती. सांगवलं नाही."

"हे खरं आहे का?"

"हो," मी म्हणाले. खरंच होतं.

मी पाकीट काढून टेबलावर ठेवलं. काही वाटेल म्हणून थांबले. काही वाटलं नाही. खिडकीचा पुठ्ठा डोळ्यांसमोर आला, वाऱ्यानं फुगतो तसा फुगला आणि गेला.

टाइमकीपरनी पाकीट उचललं नाही. त्यांनी खालचा खण उघडून एक फाइल काढली आणि चाळत म्हणाले, "उशिरा यायची परवानगी दर वर्षी नव्यानं घ्यावी लागते. अर्जावर कारण लिहावं लागतं." त्यांनी एक कागद माझ्यापुढे केला. या वर्षीच्या जानेवारीचा. बाबांचं टोकदार अक्षर. विनंती: सात मिनिटं. कारण: मुलीची शाळा.

त्याखाली मागच्या वर्षीचा. मुलीची शाळा. त्याखाली त्याच्या आधीचा.

मी छत्तीस वर्षांची आहे. शाळेचं फाटक पावणेआठला उघडायचं. बाबा मला आत सोडून, मी वळून हात करेपर्यंत थांबून, मग कालव्याच्या कडेनं चालत कारखान्यात जायचे. शाळा संपून मला अठरा वर्षं झाली.

"मला बरीच वर्षं वाटायचं, तुम्हाला धाकटी बहीण असेल," टाइमकीपर म्हणाले. "मग वाटलं, फारच धाकटी असेल. एकदा विचारलं. म्हणाले, साहेब, रस्ता पायात बसलाय. जवळच्या रस्त्यानं आलो तर दिवसभर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं."

"आणि तुम्ही सही केलीत."

"फरक दोन टक्क्यांच्या आत होता," ते म्हणाले. मग पाकीट घेऊन कँटीनकडे गेले.

मी बसून राहिले. खिडकीतून झाकणकाका दिसत होते. ते ओसरीच्या खांबाआड उभे होते, हातात अजून ती बशी. मी बाहेर गेले.

"काय म्हणाला घड्याळ? त्याला कळलं का?"

"कळलंय. तो काही बोलणार नाही. पाकीट मी परत केलं, काका."

"काय? अगं वेडी का तू? आणि खिडकी? दहा दिवस आम्ही मर मर..." ते तिथेच थांबले.

मी त्यांना दाखल्याबद्दल सांगितलं. मग त्यांनी बशी खाली ठेवली आणि दोन्ही हात कपाळाला लावले.

"चौघांपैकी एकालाही सुचू नये," ते म्हणाले. "झाकण म्हणतात ते काही उगीच नाही." नंतर बारीक आवाजात म्हणाले, "आणि सात अठ्ठावन्न कुणी मारलं, माहितीये? मीच. भाऊंच्या शेजारी बसून बावीस वर्षं झाली आणि..." त्यांनी बशी परत उचलली. "सोमवारपासून दारात येऊ का नको?"

"या," मी म्हणाले. "आत या."

साडेचारला भोंगा झाला. पार्टी मोडली. माणसं, बायका, मुलं एकेक करून यंत्रापाशी आली, कार्डं खटाखट पंच झाली, फाटकाबाहेर गलका झाला आणि विरला. टाइमकीपर परत आले. त्यांनी खणातून या आठवड्याचं कार्ड काढलं. शुक्रवारच्या पुढे सकाळचं सात एकोणसाठ होतं. संध्याकाळचा चौकोन रिकामा होता.

"दोन्ही घेऊन जा," ते म्हणाले. "इथे नकोत."

"हे एक मारू का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. चार चौतीस झाले होते. "तुमची मर्जी," ते म्हणाले आणि केबिनमध्ये जाऊन पाठ फिरवून बसले.

मी यंत्रासमोर कार्ड धरून उभी राहिले. ओसरीत कुणी नव्हतं. कँटीनमध्ये कुणीतरी टेबलं ओढत होतं. चार पस्तीस. मागच्या शेडमध्ये नळ कुणी बंद केला असावा. इतका वेळ येणारा बारीक आवाज थांबला आणि तो येत होता हे तेव्हा कळलं. चार छत्तीस. काटा सरकला तेव्हा मी कार्ड आत घातलं. यंत्रानं ते जोरात दाबलं आणि सोडलं.

घरी पोचले तेव्हा आई स्टुलावर बसली होती, दाराशी.

"मिळालं?"

"परत दिलं." मी तिला सगळं सांगितलं.

"रजेचे पैसे येतील ना?"

"येतील. टाइमकीपर म्हणाले, फेब्रुवारीत."

"म्हणजे थंडी गेल्यावर," आई म्हणाली.

मी तिला दोन्ही कार्डं दिली. ती उठून दिव्याखाली गेली. सकाळच्या रकान्यावरून तिचं बोट हळूहळू खाली गेलं. अठ्ठावन्न, एकोणसाठ, त्रेपन्न.

"हे यांचं नाही," ती म्हणाली.

"नाही."

तिनं दुसरं कार्ड घेतलं. पुन्हा तसंच, वरून खाली. शेवटच्या चौकोनावर बोट थांबलं. चार सदतीस.

"हे आहे," आई म्हणाली.

मग तिनं दोन्ही कार्डं माझ्या फळीवर पुस्तकांना टेकून ठेवली आणि मागच्या खोलीत गेली. पुठ्ठ्याची एक पट्टी सुटली होती. ती अंगठ्यानं दाबून बसवत असल्याचा आवाज मला बराच वेळ येत राहिला.